मागची तारीख : नर्सिंग महाविद्यालयातल्या उशिरा आलेल्या अकरा फाईलींचं प्रकरण

पार्श्वभूमी

पश्चिम विदर्भातल्या एका तालुक्याच्या गावचं बी.एस्सी. नर्सिंगचं महाविद्यालय. दुसऱ्या वर्षाच्या वर्गात ४० विद्यार्थी, त्यांतल्या ३३ मुली. साधारण निम्म्या वसतिगृहात राहतात, बाकीच्या आजूबाजूच्या खेड्यांतून एसटीने येतात. क्लिनिकल पोस्टिंग, म्हणजे वॉर्डातलं प्रत्यक्ष काम, जिल्ह्याच्या सामान्य रुग्णालयात, चाळीसेक किलोमीटरवर. कॉलेजची बस सकाळी साडेसहाला सुटते आणि आठ ते दोनची ड्युटी करून साडेतीनपर्यंत परत येते. केस स्टडी (एका रुग्णाचा सविस्तर अभ्यास), केअर प्लॅन (शुश्रूषेचा आराखडा), ड्रग बुक (औषधांची वही) हे सगळं लेखी काम त्यानंतरच व्हायचं. (ओळख पटू नये म्हणून अंतर, वॉर्ड आणि आकडे यांत किरकोळ बदल केले आहेत.)

हे प्रकरण तिसऱ्या सत्रातलं, ॲडल्ट हेल्थ नर्सिंगच्या पहिल्या भागाच्या वेळचं. भारतीय परिचर्या परिषदेने २०२१ मध्ये हा अभ्यासक्रम बदलून सत्र पद्धत आणली, तेव्हापासून अंतर्गत मूल्यमापनाचा हिशेब बारीक झाला आहे. पोस्टिंगमधल्या सततच्या मूल्यमापनाचे एकूण ३० गुण धरले जातात : उपस्थितीचे २, क्लिनिकल असाइनमेंटचे १०, वॉर्डातल्या प्रत्यक्ष कामाचे १०, पोस्टिंग संपताना होणाऱ्या ऑस्कीचे (टप्प्याटप्प्याने घेतलेल्या प्रात्यक्षिक परीक्षेचे) ५ आणि ठरलेल्या प्रोसिजर पूर्ण केल्याचे ३. असाइनमेंटच्या १० गुणांत केस स्टडीचे ५, क्लिनिकल प्रेझेंटेशनचे ३ आणि औषधांच्या अहवालाचे २. पुढे हे ३० त्या प्रमाणात खाली आणून अंतर्गत गुणांत धरतात.

या महाविद्यालयात लेखी कामाचा नियम एका ओळीचा होता : मुदतीनंतर आलेली फाईल स्वीकारली जाणार नाही, शून्य गुण दिले जातील. नियमामागचं कारण खरं होतं. आधीच्या तुकडीच्या फाईली सत्र संपायच्या आठवड्यात एकदम येऊन पडल्या होत्या. ट्यूटरने (वॉर्डातलं काम शिकवणाऱ्या शिक्षकाने) रात्रभर बसून चाळीस-चाळीस फाईलींवर सह्या केल्या, आणि त्या घाईत कुणाला कशाचे किती गुण मिळाले हे नंतर कुणालाच सांगता येईना.

काय घडलं

पोस्टिंग सप्टेंबरच्या मध्यापासून चार आठवड्यांची होती. प्रत्येकीने एक रुग्ण घ्यायचा, पाच दिवस सलग पाहायचा आणि केस स्टडी लिहायची. दसऱ्यानंतरचा सोमवार, सकाळी दहा, ही सगळ्या वर्गाची एकच मुदत. दहा वाजेपर्यंत २९ फाईली आल्या. ११ आल्या नाहीत.

एका मुलीची बस अर्ध्या वाटेत फेल झाली. ती ११ वाजून ४० मिनिटांनी पूर्ण लिहिलेली फाईल घेऊन ऑफिसात पोचली. बाबूंनी फाईल परत केली. तिने ती तशीच, त्या दिवसाची तारीख टाकून, विषय शिक्षिकेच्या टेबलावर ठेवली.

उरलेल्या दहा जणींपैकी नऊ जणी त्या आठवड्यात वॉर्डात ट्यूटरना भेटल्या. दोन्ही ट्यूटरना मुलींची कीव आली. "अव्वं, शून्य लागंल तुले. शुक्रवारची तारीख टाक अन् आण, मी सही करून देतो," असं एकीला सांगितलं गेलं आणि ते बाकीच्यांपर्यंत पोचायला दुपार लागली नाही. गुरुवारी नऊ फाईली आल्या, नऊही मागच्या शुक्रवारच्या तारखेच्या, खाली ट्यूटरची सही.

शनिवारी गुण लागले. शून्य दोघींना मिळालं : जिने काम केलंच नव्हतं तिला, आणि जिची बस फेल झाली होती तिला. त्या दुसरीने प्राचार्यांना अर्धं पान अर्ज दिला. त्यात तक्रार कुणाविरुद्धच नव्हती. "मी खरी तारीख टाकली म्हणून मला शून्य मिळाले का, हे कळावे," एवढंच विचारलं होतं. प्रकरण बाहेर आलं ते या अर्जामुळे.

फाईली उघडल्यावर

विषय शिक्षिकेने नऊ फाईली रुग्णालयाच्या आयपीडी (दाखल रुग्णांच्या) रजिस्टरशी ताडून पाहिल्या. सहा फाईलींत तारखेपलीकडे काही वावगं नव्हतं. तीन फाईलींत होतं.

त्यांतली एक फवारणीच्या विषबाधेच्या रुग्णाची होती. कपाशीच्या पट्ट्यात ऑगस्ट ते ऑक्टोबर हे रुग्ण मेडिकल वॉर्डात हमखास असतात. २०१७ मध्ये यवतमाळ जिल्ह्यात फवारणीने शेतकरी-शेतमजुरांचे जीव गेले, तेव्हापासून इथल्या नर्सिंगच्या मुलींना ही केस घ्यायला आवर्जून सांगितलं जातं. फाईलीतला टीपीआर चार्ट (ताप, नाडी, श्वसनाच्या नोंदींचा तक्ता) असा होता : नाडी ८२, श्वसन २०, रक्तदाब १३०/८०. दुसऱ्या दिवशी ८२, २०, १३०/८०. तिसऱ्या आणि चौथ्या दिवशीही तेच. बाहुल्या "नॉर्मल". आणि त्याच पानावर औषधांच्या रकान्यात या विषावरचा उतारा ॲट्रोपिन चालू असल्याची नोंद. ऑर्गॅनोफॉस्फेट या प्रकारच्या कीटकनाशकांच्या विषाने नाडी मंदावते, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या होतात, छातीत स्राव साठतो. ॲट्रोपिन द्यायचं ते छाती मोकळी होईपर्यंत आणि नाडी वर येईपर्यंत. त्याने बाहुल्या मोठ्या होतात, तोंड कोरडं पडतं. अशा रुग्णाच्या नोंदी तासातासाला बदलतात. चार दिवस एकच आकडा म्हणजे पहिल्या दिवसानंतर त्या खाटेपाशी कुणी गेलंच नव्हतं.

दुसऱ्या फाईलीतला रुग्ण तिसऱ्या दिवशी नागपूरला रेफर झाला होता, तिसरीतला चौथ्या दिवशी सकाळी सुटी घेऊन घरी गेला होता. दोन्ही फाईलींत पाचव्या दिवसाची प्रगती लिहिलेली होती. "रुग्णाला आज बरे वाटते, जेवण पूर्ण घेतले."

कारणं शोधताना

अकराही जणींशी एकेक करून पंधरा-वीस मिनिटं बोलणं झालं. शिक्षा काय होणार हे आधी न ठरवता बोलायचं, असं प्राचार्यांनी बजावलं होतं, आणि त्यामुळेच बोलणं झालं.

चौघींचा वॉर्ड पोस्टिंगच्या मध्येच बदलला होता. पुरुष मेडिकल वॉर्डातली गर्दी वाढली म्हणून इन्चार्ज सिस्टरच्या सांगण्यावरून त्यांचा गट सर्जिकलला पाठवला गेला, आणि निवडलेला रुग्ण मागे राहिला. विषबाधेची केस त्यांतलीच. तिघींचे रुग्ण पाच दिवसांच्या आतच वॉर्ड सोडून गेले. एकीने नवा रुग्ण घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, दोघींनी उरलेले दिवस घरी बसून भरले. दोघी सोयाबीनच्या सोंगणीला गावी गेल्या होत्या. दसऱ्याच्या सुमारास मजूर मिळत नाही आणि शेंगा फुटायला लागल्या की एक दिवसही थांबता येत नाही, हे विदर्भात कुणाला समजावून सांगावं लागत नाही. एकीची बस. एकीने काहीच केलं नव्हतं, आणि तिने तसं स्वच्छ सांगितलं.

म्हणजे अकरापैकी सात जणींचा उशीर पोस्टिंगच्या आखणीतून आला होता. जिल्हा रुग्णालयातला रुग्ण पाच दिवस एकाच खाटेवर राहील हे गृहीत धरणंच चुकीचं होतं. साध्या तापाचा रुग्ण तीन दिवसांत घरी जातो आणि गंभीर रुग्ण वर पाठवला जातो.

कोणते पर्याय होते

पहिला, नियम जसाच्या तसा लावून अकराही जणींना शून्य देणं. या बाजूने बोलणाऱ्यांचं म्हणणं टाकाऊ नव्हतं : नर्सच्या कामात वेळ हाच जीव आहे, सहाचं इंजेक्शन आठला देऊन चालत नाही, पुढच्या पाळीला ओव्हर (कामाची माहिती) न देता घरी जाता येत नाही. पण हिशेब मांडला तेव्हा गोष्ट वेगळी दिसली. केस स्टडी, प्रेझेंटेशनचा गोषवारा आणि औषधांचा अहवाल एकाच फाईलीत असल्यामुळे फाईलीला शून्य म्हणजे ३० पैकी १० गुण गेले. चार आठवडे रोज पहाटे उठून वॉर्डात हजर राहण्याचे गुण २. कागद एक तास चाळीस मिनिटं उशिरा आला त्याची किंमत पूर्ण पोस्टिंगच्या हजेरीच्या पाचपट, हे प्रमाण कुणालाच पटवून देता येईना.

दुसरा, सगळ्यांना माफी. दसऱ्याची सुटी लिखाणात घालवलेल्या मुलींवर तो अन्याय झाला असता, आणि खोट्या नोंदींचा प्रश्न तसाच झाकला गेला असता.

तिसरा, दिवसाला ५० रुपये दंड. वसतिगृहात ही पद्धत आधीपासून आहे. तो लगेच बाजूला ठेवला गेला, आणि ते योग्यच झालं. ज्या घरात शिष्यवृत्तीचे पैसे महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर अडकलेले असतात त्या घराला दंड बोचतो, दुसऱ्याला तो उशिराची फी वाटतो.

चौथा, दररोज काही टक्के गुण कापणं. उशिरासाठी हा बरा, पण खोट्या नोंदीला लावला तर फारच विचित्र : तीन दिवस उशीर आणि तीन दिवसांचे बनावट आकडे एकाच मापाने मोजले जातील.

निर्णय

दोन बैठका झाल्या. पहिलीत प्राचार्य, विषय शिक्षिका आणि दोन्ही ट्यूटर. दुसरीत वर्गाच्या दोन्ही सीआर (वर्ग प्रतिनिधी). कळीचा निर्णय पहिल्याच बैठकीत झाला : उशीर आणि खोटी नोंद ही दोन वेगळी प्रकरणं मानायची. सगळं पुढे त्यावरून ठरलं.

बसवाल्या मुलीला पूर्ण गुण दिले गेले. तारखेपुरताच दोष असलेल्या सहा जणींकडून फाईलीवरची तारीख दुरुस्त करून घेतली आणि फाईली तपासल्या. दुरुस्ती व्हाइटनरने नाही. वॉर्डात चुकलेली नोंद जशी दुरुस्त करतात तशी : चुकीच्या तारखेवर एकच आडवी रेघ, खालचं वाचता येईल अशी, शेजारी खरी तारीख, सही. त्या सहांपैकी सोंगणीला गेलेल्या दोघींचे गुण थोडे कापले, कारण जाण्याआधी सांगणं त्यांच्या हातात होतं.

बनावट नोंदींच्या तिन्ही फाईली रद्द झाल्या. तिघींना आणि काम न केलेलीला नवा रुग्ण, सलग तीन दिवस, आणि खाटेपाशी वीस मिनिटांची तोंडी परीक्षा. केस स्टडीचे कमाल गुण निम्मे. याशिवाय तिघींकडून आपल्याच जुन्या चार्टवर एक पान लिहून घेतलं : हा आकडा खरा समजून पुढच्या पाळीच्या सिस्टरने काय केलं असतं? विषबाधेच्या केसवाल्या मुलीने लिहिलं की ८२ पाहून ॲट्रोपिन बरोबर चाललंय असं समजून कुणी छातीला स्टेथोस्कोप लावलाच नसता. त्या पानाला गुण नव्हते. सगळ्या प्रकरणात सगळ्यात उपयोगी पडलेला कागद तोच.

ट्यूटरचं काय करायचं हे अवघड होतं. मागच्या तारखेची वाट त्यांनीच दाखवली होती. लेखी ताकीद दिली गेली नाही, पण दोघांनीही वर्गासमोर सांगितलं की ती सही चुकीची होती. मुलींच्या शिक्षेपेक्षा याचा परिणाम जास्त झाला, असं सीआरने नंतर सांगितलं.

नवा नियम

सगळ्या वर्गाला एक मुदत हे बंद झालं. वर्गाचे दहा-दहाचे चार गट आहेत. ज्या गटाची वॉर्डातली पाळी संपेल त्याची मुदत तिथून ७२ तासांनी, आणि सकाळी दहाऐवजी संध्याकाळी पाच. सकाळची मुदत पहिली एसटी वेळेवर येण्यावर अवलंबून होती.

केस स्टडी पाचऐवजी तीन दिवसांच्या प्रत्यक्ष निरीक्षणावर. रुग्ण मध्येच वॉर्डातून गेला तर तिथवरची फाईल चालते. शेवटी "रुग्ण अमुक तारखेला रेफर" असं लिहून रेफर करतानाच्या तयारीचं एक पान जोडायचं. वॉर्ड बदलला तर ट्यूटर त्याच दिवशी फाईलीवर तशी नोंद करतात आणि मुदत आपोआप दोन दिवस पुढे जाते.

दुसऱ्या दिवशी ट्यूटरने खाटेपाशीच कच्चा मसुदा पाहायचा आणि सहीखाली तारखेबरोबर वेळही घालायची. फाईलीत रुग्णाच्या नावाची आद्याक्षरंच. आयपीडी नंबर ट्यूटरच्या वहीत, म्हणजे पडताळणी करता येते आणि गोपनीयताही राहते.

मुदतवाढ ४८ तासांची, सत्रातून एकदा, कारण न विचारता; अट एकच, मुदतीच्या आधी मागायची. मोबाईलवर दोन ओळींचा मेसेज पुरतो. दुसऱ्यांदा लागली तर कारण सांगायचं. न सांगता उशीर झाला तर दिवसाला १० टक्के गुण कमी, तीन दिवसांपर्यंत. त्यानंतर नवा रुग्ण, तोंडी परीक्षा, कमाल निम्मे गुण. लाईट नाही, गाडी नाही, नाल्याला पूर आहे, अशा वेळी प्रत्येक पानाचा फोटो मुदतीत पाठवला तर काम वेळेत आलं असं धरतात. कागद पुढच्या कामाच्या दिवशी. ऑनलाइन फॉर्ममध्ये फाईल चढवायला लावायचा विचार झाला होता, पण खेड्यातल्या नेटवर्कवर चाळीस पानांची फाईल अर्ध्यातच अडकते. फोटो रात्री उशिरा का होईना, एकेक करून जातात.

उशिराने फाईल देणारीने वर एक चिठ्ठी लावायची, वॉर्डातल्या उशिरा नोंदीच्याच नमुन्यातली : "उशिरा नोंद" हे शब्द, लिहितानाची खरी तारीख-वेळ, काम प्रत्यक्ष कधी झालं, आणि लिखाण टिपणांवरून आहे की आठवणीतून. चिठ्ठीचा आकार पोस्टकार्डाएवढा. तिसऱ्या सत्रातली मुलगी जे पुढे तीस वर्षं रुग्णालयात करणार आहे, ते तिने इथेच करून पाहावं हा हेतू.

काही गोष्टींना सवलत नाही. वॉर्डातली हजेरी त्यांतली पहिली : परीक्षेला बसायला ८० टक्के पुरते, पण पदवीआधी क्लिनिकलचे तास १०० टक्के भरावेच लागतात, म्हणून बुडालेला तास तासाने भरून घ्यायचा. दुसरी औषधांची नोंद. ती देतानाच व्हायची. आणि विद्यापीठाला अंतर्गत गुण पाठवायच्या तारखेच्या दहा दिवस आधी सगळं बंद. ती तारीख सत्राच्या पहिल्याच दिवशी फळ्यावर लागते, आणि गुण पाठवण्याआधी प्रत्येकीची सही घेतली जाते.

पुढच्या सत्रात

४० जणांच्या मिळून १२० फाईली आल्या. १७ जणींनी मुदतवाढ मागितली, सहा फाईली न सांगता उशिरा आल्या, एकीला नवा रुग्ण घ्यावा लागला. आधीच्या सत्राशी तुलना करता येत नाही, कारण आधीच्या तारखाच खऱ्या नव्हत्या.

ट्यूटरवर ताण वाढला. एका मसुद्याला बारा-पंधरा मिनिटं, दहा मुली, त्यात वॉर्डाची कामं. पहिल्या पंधरवड्यात ही पद्धत जवळजवळ मोडली. मग एका दिवशी चार-पाचच मसुदे पाहायचे आणि त्यातही टीपीआर चार्ट व औषधांचं पान एवढंच, असं ठरलं. मुदतवाढ मागायला काही मुली शेवटपर्यंत कचरल्या. न सांगता उशीर झालेल्या सहापैकी चौघींनी मॅडम रागावतील म्हणूनच विचारलं नव्हतं. नियम फळ्यावर लावून ही भीती जात नाही. पोस्टिंगच्या पहिल्या दिवशी ट्यूटरने तोंडाने सांगावं लागतं, तेही दोनदा.

काय वेगळं करता आलं असतं

वॉर्ड बदलला त्याच दिवशी चौघींच्या मुदतीचा विचार झाला असता तर निम्मं प्रकरण उद्भवलंच नसतं. त्या दिवशी सकाळी ट्यूटर, इन्चार्ज सिस्टर आणि मुली एकाच जागी उभ्या होत्या. प्रश्न कुणालाच सुचला नाही, कारण लेखी काम कॉलेजचं आणि वॉर्ड रुग्णालयाचा अशी सगळ्यांच्या मनात फाळणी होती.

अर्ज आल्यावर गुणांची यादी लगेच काढून घ्यायला हवी होती. ती आणखी चार दिवस फळ्यावर राहिली, आणि चार दिवस त्या मुलीच्या नावापुढे शून्य होतं.

सगळ्यात मोठी चूक दुसऱ्या बैठकीत सीआरने दाखवली. "मॅडम, ज्यांनी वेळेवर दिल्या त्यांच्या फाईली कुणी पाहिल्या?" त्या २९ फाईलींवर फक्त बरोबरची खूण होती. उशीर करणारीच नोंदी बनवते असं सगळ्यांनी न बोलता धरून ठेवलं होतं. चिठ्ठ्या टाकून २९ मधल्या आठ फाईली काढल्या आणि रजिस्टरशी ताडल्या. दोन जुळल्या नाहीत. एकीत सुटी झालेल्या रुग्णाचा शेवटचा दिवस होता, दुसरीत तीन दिवस एकच रक्तदाब. त्या दोघींनाही नवा रुग्ण घ्यावा लागला, बाकीच्यांच्याच अटींवर. उरलेल्या २१ फाईली ताडायच्या राहिल्या. तोवर गुण पाठवायची तारीख आली होती.